भयपट कुणाला आणि कसा विकायचा: पहिल्यांदा प्रसिद्धी हाताळणाऱ्यांसाठी

भयपटाच्या प्रसिद्धीचं काम पहिल्यांदा अंगावर पडलं की बहुतेक जण एकाच वाटेने जातात. चित्रपटातले सगळ्यात भीतिदायक सात-आठ क्षण निवडायचे, एकामागोमाग जोडायचे आणि तोच ट्रेलर सगळीकडे लावायचा. त्यातून दोन गोष्टी होतात. ज्यांना घाबरायला आवडतं त्यांना चित्रपट आधीच पाहून झाल्यासारखा वाटतो, आणि ज्यांना जरा भीत भीतच यायचं होतं ते येतच नाहीत.

भीती एकच असली तरी ती विकत घेणारी माणसं वेगवेगळ्या कारणांनी येतात. कुणी मित्रांसोबत ओरडायला येतं, कुणी दिग्दर्शकाची हुकमत पाहायला, कुणी हसता हसता दचकायला. यातल्या प्रत्येकाला तुम्ही एक वचन देत असता. ते वचन चित्रपटाने पाळलं पाहिजे. खालच्या सगळ्या पायऱ्या त्यासाठीच आहेत.

सुरुवात करण्याआधी हाताशी काय हवं

- चित्रपटाचा पक्का कट. रंग आणि ध्वनीचं काम बाकी असलं तरी चालेल, पण दृश्यांचा क्रम ठरलेला हवा.
- संवाद, संगीत आणि ध्वनिपरिणाम वेगवेगळ्या ट्रॅकवर. हे एकत्र मिसळून आले तर ट्रेलरसाठी एकही वाक्य संगीतापासून सुटं करता येत नाही.
- पडद्यावर अक्षरं नसलेली स्वच्छ दृश्यं. दुसऱ्या भाषेतल्या ट्रेलरसाठी ती लागतातच.
- सेटवर काढलेली स्थिरचित्रं, किमान ४० ते ५० वापरण्याजोगी. चित्रपटातली फ्रेम उचलून पोस्टर करू असं ठरवू नका. भयपट अंधारात चित्रित होतो आणि ती फ्रेम मोठ्या आकारात दाणेदार, अस्पष्ट दिसते.
- कलाकारांच्या करारातलं प्रसिद्धीचं कलम. ते किती दिवस देणार आहेत, विद्रूप मेकअपमधला चेहरा पोस्टरवर वापरता येईल का, हे त्यात वाचून घ्या.
- संगीताचे हक्क. गाणं चित्रपटात वापरायची परवानगी म्हणजे ट्रेलरमध्ये वापरायची परवानगी नव्हे. ती वेगळी घ्यावी लागते.
- वयोगटाचं प्रमाणपत्र, किंवा ते कोणतं मिळेल याचा पक्का अंदाज.
- 'दाखवायचं नाही' अशी एक पानी यादी: शेवट, खरा खुनी, राक्षसाचं पूर्ण रूप, कोण कधी मरतं. दिग्दर्शकाची सही घेऊन ही यादी प्रसिद्धीच्या कामातल्या प्रत्येकाला द्या.

१. भीतीला एका वाक्यात पकडा

'खूप भयानक चित्रपट आहे' हे वाक्य कुणालाच काही सांगत नाही. कशाची भीती ते लिहा: आवाज केला की मरण येतं, घरातलं मूल आपलं राहिलेलं नाही, समोरचा माणूस हसतोय पण डोळे हसत नाहीत. वाक्यात एखादा नियम किंवा एखादी वस्तू आली की पोस्टर आणि टॅगलाइन निम्मी तयार झाली म्हणून समजा. १९७९ च्या 'एलियन'ची टॅगलाइन एवढंच सांगत होती की अंतराळात तुमची किंकाळी कुणालाही ऐकू येत नाही. त्यात ना राक्षस होता ना रक्त, तरीही एकटेपणाची भीती थेट पोचत होती.

वाक्य जमत नसेल तर अडचण बहुतेकदा अशी असते की चित्रपटात दोन भीती आहेत. मग प्रसिद्धीसाठी एकच निवडा आणि दुसरी प्रेक्षकाला थिएटरात भेटू द्या.

२. प्रेक्षक वेगळे काढा

वय आणि शहर एवढ्यावर गट पाडू नका. 'हा माणूस का घाबरू पाहतो' या प्रश्नावर पाडा.

कट्टर भयपटप्रेमी. हे संख्येने कमी असतात, पण सगळ्यात आधी बोलतात आणि त्यांचं बोलणं इतरांपर्यंत जातं. यांना मेकअप, कृत्रिम रक्त, प्रत्यक्ष साकारलेले परिणाम आणि दिग्दर्शकाचं आधीचं काम यात रस असतो. यांच्यासाठी मध्यरात्रीचे खेळ आणि या प्रकाराला वाहिलेले महोत्सव उत्तम. स्पेनमधल्या सिट्जेसचा महोत्सव १९६८ पासून, टोरोंटो महोत्सवातला 'मिडनाइट मॅडनेस' विभाग १९८८ पासून आणि मॉन्ट्रियलचा 'फँटेशिया' १९९६ पासून हेच काम करत आले आहेत. या गटाला फसवू नका. रक्तपात नसेल तर तो असल्याचा आव आणू नका.

टोळक्याने येणारे तरुण. यांना एकट्याने घाबरायचं नसतं, एकमेकांना घाबरताना पाहायचं असतं. म्हणून चित्रपटापेक्षा थिएटरातला अनुभव दाखवा. 'पॅरानॉर्मल ॲक्टिव्हिटी'च्या २००९ च्या ट्रेलरमध्ये अंधारात चित्रित केलेले प्रेक्षकच होते: खुर्चीतून उडणारे, तोंडावर हात घेणारे. चित्रपट जेमतेम १५ हजार डॉलरमध्ये बनलेला होता, दाखवायला भव्य दृश्यं नव्हती, पण लोकांची भीती दाखवता येत होती. सुरुवातीला तो अमेरिकेतल्या १३ महाविद्यालयीन गावांत मध्यरात्री लावला आणि 'आमच्या गावात आणा' अशी मागणी संकेतस्थळावर नोंदवायला सांगितली. मागण्या १० लाखांवर गेल्यावर तो देशभर लागला. प्रेक्षकाने स्वतः मागितलेला चित्रपट पाहायला तो चार जणांना घेऊन येतो, ही यातली खरी युक्ती.

गंभीर सिनेमा पाहणारे. हे 'मी भयपट पाहत नाही' असं म्हणतात आणि चांगला असेल तर आवर्जून जातात. यांना समीक्षा, महोत्सवातली निवड, छायाचित्रण आणि अभिनय दाखवा. ट्रेलरमधला दचका कमी करा, अस्वस्थता वाढवा.

हसत-दचकत पाहणारे. हॉरर-कॉमेडीचा हा मोठा गट. यांना पहिल्या दहा सेकंदांत कळलं पाहिजे की हसायची मुभा आहे. ते कळलं नाही तर हे लोक घाबरून दूर राहतात आणि जे येतात ते गंभीर भयपट समजून येऊन चिडतात.

कुंपणावरचे. जोडीदाराच्या किंवा मैत्रिणीच्या आग्रहाने येणारे. यांना कथा हवी असते: कोण आहे, काय पणाला लागलंय. यांच्यासाठीच्या जाहिरातीत राक्षसापेक्षा नायिकेचा चेहरा जास्त वेळ असावा.

एक जुना गैरसमज इथेच काढून टाका. भयपट म्हणजे तरुण मुलांचा माल, असं धरून चाललं की प्रेक्षकातल्या बायकांकडे दुर्लक्ष होतं आणि त्या तर भयपटांच्या प्रेक्षकांत मोठ्या संख्येने असतात. २००९ च्या 'जेनिफर्स बॉडी'चं हेच झालं. दोन मैत्रिणींच्या नात्याची ही गोष्ट, लेखिका आणि दिग्दर्शिका दोघी स्त्रिया, पण जाहिरात केली ती नायिकेच्या मादकपणाची, तरुण मुलांसाठी. चित्रपट तेव्हा पडला आणि पुढे अनेक वर्षांनी ज्या प्रेक्षकासाठी तो बनला होता त्यानेच तो शोधून काढला.

३. प्रमाणपत्र आधी, योजना नंतर

वयोगटाचं प्रमाणपत्र हे प्रसिद्धीचं पहिलं बंधन आहे. फक्त प्रौढांसाठीचा चित्रपट असेल तर किशोरवयीनांवर खर्च करून उपयोग नाही आणि अनेक ठिकाणी तसं करणं नियमाबाहेरचंही ठरतं. ट्रेलरलाही स्वतंत्र मंजुरी लागते. म्हणून एकाच ट्रेलरच्या दोन आवृत्त्या करा: सगळ्या वयांच्या चित्रपटांआधी चालेल अशी सौम्य, आणि वय तपासूनच दाखवता येईल अशी उग्र. उग्र आवृत्ती कट्टर गटासाठी राखून ठेवा.

उलट वाटही शक्य असते. २०२३ च्या सुरुवातीला आलेल्या, खुनी बाहुलीच्या 'मेगन'मधला रक्तपात कमी करून तो अमेरिकेत पीजी-१३ वर्गात, म्हणजे किशोरवयीनांनाही पाहता येईल अशा वर्गात, बसवला गेला आणि रक्तपात न कापलेली आवृत्ती नंतर घरबसल्या पाहणाऱ्यांसाठी आली. त्या बाहुलीचा नाच ट्रेलरमधून किशोरवयीनांमध्ये आधीच पसरला होता, त्यांना तिकीट काढता यावं हे व्यवहाराचं होतं. पण असा निर्णय दिग्दर्शक आणि निर्मात्यांसोबत संकलनाच्या टेबलावरच व्हायला हवा. शेवटच्या आठवड्यात रक्त कापलं तर दृश्य तुटतं आणि ते दिसतं.

४. ट्रेलर

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

टीझर ४५ ते ७० सेकंदांचा ठेवा. त्यात एकच प्रसंग, जवळजवळ सलग, आणि शेवटी नाव व तारीख. माहिती देण्याचं काम टीझरकडून करून घेऊ नका, त्याने कुतूहल पेरलं की पुरे.

मुख्य ट्रेलर दोन ते सव्वादोन मिनिटांचा. त्याची बांधणी साधारण अशी चालते:

पहिली ३० ते ४० सेकंद नेहमीचं आयुष्य. नवशिके हा भाग कंटाळवाणा म्हणून कापतात. कापू नका. माणूस ओळखीचा झाला नाही तर त्याच्यावर आलेलं संकट आपलं वाटत नाही.

मग भीतीचा नियम: काय केलं की काय होतं. हा संवादातून किंवा एका स्पष्ट दृश्यातून यावा.

मग वेग वाढवा, आणि नाव पडद्यावर येण्याआधी सगळं एकदम थांबवा. नावानंतर चार-पाच सेकंदांचा एक शेवटचा तुकडा ठेवा. प्रेक्षक सैल झालेला असतो, त्यामुळे हा दचका सगळ्यात जोरात बसतो.

दचके दोन, फार तर तीन. तिसऱ्यानंतर प्रेक्षक खांदे आवळून बसतो आणि चौथा वाया जातो. हे क्षण चित्रपटाच्या पहिल्या अर्ध्या भागातून घ्या. शेवटच्या अर्ध्या तासातलं काही वापरलं, तर प्रेक्षक थिएटरात त्या दृश्याची वाट पाहत बसतो आणि तोपर्यंतची सगळी भीती पातळ होते.

आवाजाबद्दल थोडं सविस्तर. थिएटरातल्या ट्रेलरच्या मोठेपणाला मर्यादा असते आणि ती पूर्ण लांबीच्या सरासरीवर मोजतात. सरासरी असल्यामुळेच शांततेचा फायदा होतो. वीस सेकंद शांत ठेवलीत तर एका किंकाळीला जास्त उंच जाता येतं. सुरुवातीपासून शेवटपर्यंत ढणढणाट ठेवलात तर किंकाळी त्यातच बुडते, शिवाय प्रोजेक्शन खोलीतला माणूस आवाज खाली करतो आणि संवादही ऐकू येईनासे होतात. दचक्याच्या आधी एक ते दोन सेकंद पूर्ण शांतता हवी. त्याहून लांबली तर काहीतरी येणार हे कळतं.

फोनसाठी वेगळं संकलन करा, थिएटरचा ट्रेलर उभा कापून टाकू नका. फोनवर बरेच जण आवाज बंद ठेवून पाहतात, म्हणून संवाद अक्षरांत हवेत. उजेडात फोनच्या पडद्यावर अंधारी दृश्यं काळा चौकोन होऊन जातात, म्हणून या आवृत्तीचा रंग थोडा उजळ करून घ्या. यूट्यूबवरच्या अनेक जाहिराती ५ सेकंदांनंतर वगळता येतात. तेवढ्यात चेहरा, विचित्र गोष्ट आणि शक्य असेल तर नाव येऊन गेलं पाहिजे. ६, १५ आणि ३० सेकंदांचे तुकडे प्रत्येक गटासाठी निराळे कापा. लांबी तीच ठेवून भीतीचं माप बदलत जा.

आता चाचणी. ज्या गटासाठी ट्रेलर आहे त्यातले, चित्रपट न पाहिलेले १२ ते १५ जण निवडा. एकदाच दाखवा आणि तीन प्रश्न विचारा: चित्रपट कशाबद्दल आहे? कुणासोबत पाहायला जाल? शेवटी काय होत असेल? पहिल्याचं उत्तर तुमच्या एका वाक्याच्या जवळ यायला हवं. दुसऱ्यावरून गट बरोबर आहे की नाही ते कळतं. तिसऱ्याचं उत्तर चार-पाच जणांनी बरोबर दिलं, तर ट्रेलर परत कापायला घ्या.

५. पोस्टर

एक प्रतिमा, एक रंग, एक ओळ. संगणकावर पोस्टर दोन-तीन सेंटिमीटर रुंदीचं करून बघा. त्या आकारात काय आहे ते कळलं नाही तर ऑनलाइन तिकिटाच्या यादीत आणि घरच्या पडद्यावरच्या रांगेत ते दिसणारच नाही. राक्षसाचं पूर्ण रूप पोस्टरवर आणू नका. २०२४ च्या 'लाँगलेग्ज'ने तर सगळ्यात प्रसिद्ध नट असलेल्या निकोलस केजचा चेहरा प्रसिद्धीत झाकून ठेवला. मोठं नाव हाताशी असताना ते न दाखवणं अवघड असतं, पण न दिसलेल्या चेहऱ्याने कुतूहल वाढवलं.

कट्टर गटासाठी रंगवलेल्या शैलीतलं एक वेगळं पोस्टर करून घ्यायला हरकत नाही. ते ही माणसं जपून ठेवतात. मुख्य पोस्टर मात्र सगळ्यांना वाचता आलं पाहिजे.

६. रस्त्यावरचे आणि इंटरनेटवरचे प्रयोग

या प्रकाराला मोठी परंपरा आहे. अमेरिकी दिग्दर्शक-निर्माते विल्यम कॅसल यांनी १९५८ मध्ये एका भयपटाच्या प्रेक्षकांना भीतीने मरण आल्यास १,००० डॉलरचा विमा दिला होता. १९६० मध्ये 'सायको' सुरू झाल्यावर कुणालाही आत सोडायचं नाही असा नियम हिचकॉक यांनी करवून घेतला आणि तो नियम हीच जाहिरात झाली. १९९९ च्या 'द ब्लेअर विच प्रोजेक्ट'साठी संकेतस्थळावर खोटा इतिहास, खोटे पुरावे आणि कलाकार बेपत्ता असल्याची पत्रकं होती. २०२२ मध्ये 'स्माइल'साठी काही माणसं बेसबॉलच्या सामन्यांत कॅमेऱ्यासमोर बसून गोठलेलं हसू हसत राहिली.

शेवटचं उदाहरण नीट पाहा. खर्च कमी, धोका शून्य, आणि ज्या गोष्टीची भीती चित्रपटात आहे तीच गोष्ट समोर. प्रयोग निवडताना हीच कसोटी लावा. चित्रपटाशी संबंध नसलेली चमकदार कल्पना चर्चेत येते, पण कशाची जाहिरात होती ते कुणाच्या लक्षात राहत नाही.

काय बिघडतं तेही ऐका. बेसावध माणसाला अंधारात घाबरवणं धोक्याचं आहे. कुणी पळताना पडतं, कुणाचं हृदय कमकुवत असतं, कुणी उलट हात उचलतं. जागेच्या मालकाची लेखी परवानगी, पोलिसांना पूर्वसूचना, सहभागी माणसांची चित्रीकरणासाठी संमती आणि एक जबाबदार माणूस प्रत्यक्ष जागेवर, एवढं नसेल तर प्रयोग करू नका. बेपत्ता मूल, खोटा अपहरणाचा फोन, खऱ्या गुन्ह्याची नक्कल हे प्रकार पूर्ण टाळा. 'ही सत्य घटना आहे' हे फक्त खरं असेल तरच लिहा. १९९९ मध्ये जी अफवा महिनोन्महिने टिकली ती आज दोन मिनिटांच्या शोधात उघडी पडते.

७. वेळापत्रक

भयपटाची कमाई सुरुवातीलाच एकवटलेली असते: पहिल्या शनिवार-रविवारी गर्दी आणि दुसऱ्या आठवड्यात अनेकदा निम्म्याहून जास्त घसरण. म्हणून पैसा प्रदर्शनाआधीच्या शेवटच्या तीन आठवड्यांत एकवटा.

सहा महिने आधी पहिलं स्थिरचित्र आणि नाव. चार-पाच महिने आधी टीझर. दहा ते बारा आठवडे आधी ट्रेलर. सहा आठवडे आधी महोत्सवातले किंवा निवडक खेळ. शेवटच्या तीन आठवड्यांत छोटे तुकडे, मुलाखती, तिकीटविक्री.

गंभीर प्रेक्षकांचा चित्रपट असेल तर समीक्षा लवकर येऊ द्या, तीच तुमची जाहिरात आहे. टोळक्यांचा चित्रपट असेल तर समीक्षा प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी आल्या तरी चालतं. मोठा सुपरहिरोपट असलेला आठवडा टाळा, पण दुसऱ्या भयपटाच्या आठवड्याला त्याहून जास्त घाबरा, कारण दोघांचा प्रेक्षक एकच असतो.

८. सगळ्यात मोठा सापळा: दुसराच चित्रपट विकणं

अमेरिकेत 'सिनेमास्कोर' ही संस्था पहिल्या रात्री बाहेर पडणाऱ्या प्रेक्षकांकडून चित्रपटाला ए ते एफ अशी श्रेणी घेते. २०१७ च्या 'इट कम्स ॲट नाइट'ला डी मिळाली आणि २०१८ च्या 'हेरेडिटरी'ला डी प्लस, जरी समीक्षकांनी दोन्ही नावाजले होते. ही श्रेणी चित्रपट किती चांगला यापेक्षा जे मागितलं ते मिळालं का याच्या जवळ जाते. पहिल्याच्या नावावरून आणि ट्रेलरवरून रात्री काहीतरी येतं असं वाटत होतं. पडद्यावर होती ती संशयाने पोखरलेल्या दोन कुटुंबांची गोष्ट.

म्हणून प्रसिद्धी पूर्ण झाल्यावर हे तपासा. ट्रेलरमध्ये राक्षस सुचवलाय, तो चित्रपटात आहे का? ट्रेलरचा वेग चित्रपटाच्या वेगाच्या दुप्पट तर नाही ना? प्रेमकथेवर भुताची चादर घातली आहे का? संथ चित्रपटाला वेगवान ट्रेलर जोडला की पहिल्या दिवशीची तिकिटं वाढतात आणि शनिवारी दुपारपर्यंत नाराजी फोनाफोनी पसरते. संथ चित्रपट संथ म्हणूनच विका. लांब स्थिर दृश्य, एक विचित्र आवाज, आणि त्यासाठी येणारा प्रेक्षक.

आशयाची सूचनाही इथेच येते. आत्महत्या, लैंगिक हिंसा, मुलांवरचे अत्याचार, झगमगणारे दिवे असतील तर ते तिकीट काढताना दिसेल अशा जागी लिहा. झगमगत्या दिव्यांनी काहींना फेफरं येऊ शकतं. अशी सूचना वाचून काही जण येणार नाहीत. ते थिएटरातून उठून जाण्यापेक्षा हे बरं आणि कट्टर गट तर ती सूचना वाचूनच येतो.

९. प्रदर्शनानंतरचे चार दिवस

शुक्रवारच्या पहिल्या खेळाला थिएटरात जाऊन मागच्या रांगेत बसा. लोक कुठे ओरडतात, कुठे हसतात, कुठे फोन काढतात ते वेळेसह लिहून घ्या. शनिवारी जाहिरातीचे तुकडे त्याप्रमाणे बदला. लोक हसत असतील आणि ते हसू चित्रपटाला मान्य असेल, तर हसत-दचकत पाहणाऱ्यांच्या गटाकडे उरलेला खर्च वळवा. प्रेक्षकांच्या प्रतिक्रिया चित्रित करायच्या असतील तर दारावर तशी पाटी लावा आणि ज्यांचा चेहरा वापरणार त्यांची सही घ्या.

सोमवारी आकडे गावागावाप्रमाणे पाहा. संध्याकाळचे खेळ रिकामे पण रात्रीचे भरलेले असतील तर वितरकाशी बोलून खेळांच्या वेळा बदलून घ्या. हा बदल नव्या जाहिरातीपेक्षा स्वस्त पडतो.

न वापरलेली स्थिरचित्रं, उग्र ट्रेलर आणि अक्षरविरहित दृश्यं टाकून देऊ नका. चित्रपट घरच्या पडद्यावर येईल तेव्हा वेगवेगळ्या प्रेक्षकांसाठी यादीत दिसणारी वेगवेगळी छोटी चित्रं मागितली जातात. या सगळ्या फाइल नाव, गट आणि 'दाखवायचं नाही' यादीच्या प्रतीसह एकाच फोल्डरमध्ये ठेवा, कारण ते काम करणारी माणसं बहुतेकदा वेगळी असतात आणि राक्षसाचं पूर्ण रूप नेमकं तिथेच उघड होतं.